रहिमतपूरहून अभ्यास-सहल : लेणी, जंगल आणि शेत

शाळांच्या सहली दरवर्षी निघतात. देवदर्शन होते, धरण पाहून होते आणि मुले घरी परततात. परंतु शेतकऱ्यांच्या मुलांची सहल शेतीलाही उपयोगी पडावयाची असेल, तर ती एखादा प्रश्न बरोबर घेऊन निघाली पाहिजे. रहिमतपूर परिसरापुढील असा प्रश्न पाण्याचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो. आणि येथे जो थोडा पडतो, तोही उतारावरची माती घेऊन ओढ्याला मिळतो. हे पाणी अडवावे कसे?

लेणी : रहिमतपूरहून रेल्वेने कऱ्हाडला जाता येते. जवळच आगाशिवाच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्यांबरोबर कातळात खोदलेली पाण्याची टाकीही मुलांना अवश्य दाखवावी. डोंगरावर राहावयाचे तर पावसाळ्यातील पाणी पुढील महिन्यांसाठी साठविले पाहिजे, हे त्या काळच्या लोकांनी ओळखले होते. लेण्यांत धूर व गोंगाट करू नये. आग्या मोहोळ उठण्याचा धोका असतो.

जंगल : कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनेच्या खोऱ्यात जावे. तेथील अभयारण्य १९८५ साली घोषित झाले व २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे; म्हणून वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या दाट छायेखाली पाचोळा बाजूस सारून मूठभर माती हातात घ्यावी. ती काळसर, भुसभुशीत व ओलसर लागते. पावसाच्या थेंबाचा मारा प्रथम पाने झेलतात, मग पाचोळा झेलतो. त्यामुळे मुसळधार पावसातही पाणी सावकाश मुरते व माती जागीच राहते.

शेत : परतल्यावर खरा अभ्यास सुरू होतो. २० मिलिमीटरच्या एका पावसात हेक्टरी २ लाख लिटर पाणी पडते. ते मुरले तर पिकाचे, वाहिले तर मातीसह गेले. आणि इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात.

मुलांनी दोन उथळ पेट्यांत सारखी माती भरून सारखाच उतार द्यावा. एकीवर उसाचे पाचट पसरावे, दुसरी उघडी ठेवावी. दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालून खाली उतरणारे पाणी भांड्यांत धरावे. उघड्या पेटीखालचे पाणी गढूळ व अधिक भरते. पाचटाखालचे थोडे व निवळ असते. जंगलातील पाचोळ्याचे काम शेतात पाचट करते, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून पाचट जाळू नये, सरीत पसरावे. उताराला आडवी पेरणी करावी, बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत आणि शेततळ्यातील गाळ उन्हाळ्यातच काढावा. मुलांनी हा प्रयोग घरच्या वडीलधाऱ्यांसमोर करून दाखविला, तर सहलीचा खर्च सार्थकी लागेल.