तिसऱ्या रात्रीची काळजी : बाळाला अंगावरचे दूध पुरते आहे का?

रात्री अकरानंतर येणारा एक फोन मला आता ओळखीचा झाला आहे. बहुतेक वेळा बाळंतिणीची आई बोलत असते. "डॉक्टर, आजच घरी आणलंय. बाळ सारखं रडतंय, पाजलं तरी दहा मिनिटांत परत तोंड वासतंय. हिला दूधच नाही वाटतं. पावडरचा डबा आणायला पाठवू का?" मागे बाळाचे रडणे ऐकू येते आणि कधी कधी बाळाच्या आईचेही.

मी विचारते, "आज बाळाचा कितवा दिवस?" उत्तर बहुधा 'दुसरा' किंवा 'तिसरा' असे येते.

नॉर्मल प्रसूतीनंतर साधारण दोन दिवसांत घरी सोडतात आणि भरपूर दूध उतरते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे सगळ्यात अवघड रात्री नेमक्या घरी येतात, तेव्हा जवळ नर्स नसते. या दोन-तीन रात्री कशा काढायच्या आणि खरी काळजी कधी करायची, ते समजून घेऊ.

पहिले तीन दिवस : चीक पुरतो

प्रसूतीनंतर सुरुवातीला जे घट्ट, पिवळसर दूध येते तो चीक. तो थोडाच असतो. एका वेळेला चमचाभर किंवा त्याहूनही कमी. पण नवजात बाळाच्या पोटाची क्षमताही तेवढीच असते. चिकात रोगप्रतिकारक घटक भरपूर असतात, म्हणून तो पिळून टाकू नका. मध, साखरेचे पाणी किंवा गुटीही देऊ नका. मधामुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, त्यामुळे एक वर्षापर्यंत मधाचे बोटसुद्धा नको.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बाळ दर तासाला, कधी त्याआधीही दूध मागते. घरच्यांना वाटते, दूध कमी पडते आहे. खरे तर बाळाच्या ओढण्यामुळेच आईच्या शरीराला जास्त दूध तयार करण्याचा निरोप जातो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये. त्या रात्री बाटलीने वरचे दूध दिले की बाळ गाढ झोपते, सगळ्यांना हायसे वाटते, पण छातीला मिळणारा निरोप थांबतो. दोन दिवसांनी दूध खरोखरच कमी पडू लागते.

सिझेरियन झाले असेल, तर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. शुद्धीवर असलेली आई कुशीवर झोपून पहिल्या काही तासांतच पाजू शकते. बाळाला धरायला कोणी तरी मदतीला हवे, एवढेच.

पाजताना दुखते? आधी पकड बघा

पहिले काही क्षण चिमटल्यासारखे होणे समजू शकतो. पण पूर्ण वेळ कळा येत असतील, स्तनाग्राला चिरा पडल्या असतील किंवा बाळाने सोडल्यावर ते चपटे झालेले दिसत असेल, तर बाळाची पकड चुकते आहे. बाळ फक्त स्तनाग्र चोखते आहे, त्यामुळे आईला दुखते आणि बाळाला दूधही कमी मिळते.

पकड अशी असावी :

- बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले, डोके आणि अंग एका रेषेत. मान वळवून प्यायला लावू नका.
- बाळाने जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबा, मग बाळाला छातीकडे आणा. आईने पुढे वाकू नये, पाठीला आणि हाताखाली उशी घ्यावी.
- स्तनाग्राबरोबर भोवतीचा गडद भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. वरच्या बाजूला तो थोडा जास्त दिसतो, खाली कमी.
- बाळाची हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला.

पकड चुकली तर बाळाला ओढून काढू नका. ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत घाला, बाळ आपोआप सोडेल. मग पुन्हा लावा. पाजून झाल्यावर शेवटचे थोडे दूध स्तनाग्रावर लावून वाळू द्या. दर वेळी साबणाने धुऊ नका, त्वचा कोरडी पडून आणखी फुटते.

छाती दगडासारखी झाली तर

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती जड, कडक आणि गरम होऊ शकते. ती इतकी ताठते की बाळाला तोंडात धरताच येत नाही. अशा वेळी पाजण्याआधी कोमट पाण्याचा कपडा काही मिनिटे ठेवा, हाताने थोडे दूध काढून पुढचा भाग मऊ करा आणि मग बाळाला लावा. पाजल्यावर थंड पाण्याची घडी ठेवा. जोरजोरात चोळू नका, सूज वाढते.

एका जागी लाल, दुखरी गाठ, थंडी वाजून ताप आणि अंगदुखी असेल, तर तो स्तनदाह असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक लागलेच, तर अंगावर पाजताना चालणारे औषध देता येते. पाजणे बंद करू नका. दूध साचून राहिले तर त्रास वाढतो.

पुरते आहे की नाही, हे कसे मोजायचे?

रडण्यावरून अंदाज बांधू नका. बाळ कुशीसाठी, गरम होते म्हणून, ढेकर अडकली म्हणूनही रडते. त्याऐवजी एक कागद भिंतीला लावा आणि पाजणे, शू, शी लिहून ठेवा.

- पाजणे : 24 तासांत 8 ते 12 वेळा. पहिल्या आठवड्यात बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपले, तर दुपटे सोडून, तळव्यांना हलके चोळून उठवा.
- शू : पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा, फिक्या रंगाची.
- शी : सुरुवातीला काळी चिकट, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी.
- वजन : पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते. जन्मवजनाच्या 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते. साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते.

तीन किलोच्या बाळाचे वजन चौथ्या दिवशी 2 किलो 800 ग्रॅम भरले, शू होते आहे आणि बाळ जोमाने पिते आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. तेच 2 किलो 650 ग्रॅम भरले, तर लगेच डॉक्टरांनी बाळ तपासायला हवे.

गावात किंवा वस्तीत आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा.

वरचे दूध कधी?

काही बाळांना ते खरोखर लागते. वजन फार घटले असेल, रक्तातली साखर कमी असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर डॉक्टर सांगतील. आईला थायरॉईडचा त्रास असेल, प्रसूतीत खूप रक्तस्राव झाला असेल किंवा पूर्वी छातीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दूध कमी येऊ शकते. त्यात तिचा काहीही दोष नाही.

अशा वेळी आधी आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. काढलेले दूध खोलीत साधारण चार तास आणि फ्रीजमध्ये 24 तास चालते. उन्हाळ्यात बाहेर त्याहून कमी. काही मोठ्या रुग्णालयांत मानवी दूधपेढ्या आहेत. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून अशी पेढी चालते. पावडर लागलीच, तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या आणि छातीला लावणेही चालू ठेवा. गाईचे किंवा म्हशीचे दूध पाणी घालून देऊ नका.

घरच्यांसाठी

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी जरूर करा, बाळंतिणीला पोषण हवेच. पण दूध वाढते ते वारंवार पाजल्याने. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन लागते, आणि दुखणे, थकवा, ताण यांमुळे ते अडते. "आम्हाला नव्हता बाई असा त्रास" हे वाक्य त्या खोलीत नको. पाजून झाले की बाळाला ढेकर काढायला, लंगोट बदलायला वडिलांनी किंवा आजीने घ्यावे, म्हणजे आईला दीड तास झोप मिळेल.

आई सतत रडत असेल, तिला बाळाजवळ जावेसे वाटत नसेल किंवा स्वतःला, बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. तिला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

सकाळची वाट न बघता बाळाला दवाखान्यात न्या, जर :

- बाळ उठवूनही उठत नाही किंवा ओढायचे सोडून देते
- आठ तास शू नाही, किंवा चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडतात
- टाळू खोल गेली आहे, तोंड कोरडे आहे
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला
- ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, अथवा अंग थंड पडले आहे
- श्वास जोरात चालतो आहे किंवा हिरवी उलटी झाली

यातले काहीच नसेल, शू मोजून बरोबर भरत असेल, तर फोनवर मी सांगते : डबा आणू नका, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवा, पकड बघा आणि उद्या सकाळी वजनाला घेऊन या. बहुतेक बाळांना सकाळी तपासते, तेव्हा आईचा पदर दुधाने भिजलेला असतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या बाळाबाबत शंका असल्यास डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.*