गोड्या पाण्याची सरहद्द

कर्ली नदीच्या पाण्यात बोट बुडवून ते जिभेला लावण्याची सवय मला जडली, त्यास आता नऊ वर्षे होत आली. देवबागच्या संगमापासून नेरूरपारच्या पुलापर्यंत, आणि वारा व दंड अनुकूल असतील तर त्याच्याही वर, ठरलेल्या जागी थांबून मी हा उद्योग करतो. आणि घरी परतल्यावर एका जुन्या जमाखर्चाच्या वहीत तिथी, स्थळ व चव अशा तीन रकान्यांत त्याची नोंद ठेवतो. चवीच्या रकान्यात चारच शब्द येतात: गोडे, मचूळ, खारट, खारे. आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे रकान्यावाचून मला करमत नाही, एवढेच या वहीचे समर्थन. माझे एक डॉक्टर स्नेही या चवीवरून माझ्यावर रागावतात, आणि त्यांचे रागावणे रास्तच आहे.

ही सवय लागली ती कयाकमुळे. मचव्याच्या काठावरून पाण्यास हात लावायचा तर वाकावे लागते. कयाकमध्ये मनुष्य पाण्याच्या पातळीशी, किंबहुना तिच्या किंचित खालीच बसलेला असतो आणि पाणी त्याच्या कोपराशी येऊन उभे असते. ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेच्या ध्रुवप्रदेशातील इनुइट लोकांनी ही नौका सीलच्या शिकारीसाठी घडविली. वाहत आलेल्या लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचेच कातडे ताणून ती तयार होई, आणि तिचे माप शिंप्याने अंगरख्याचे घ्यावे तसे शिकाऱ्याच्या देहावरून घेतले जाई. माझी होडी साच्यातून निघालेली, प्लॅस्टिकची, चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद; तेव्हा ती मजप्रमाणे होण्याऐवजी मलाच तिच्याप्रमाणे व्हावे लागले, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंस स्पंजाचे तुकडे चिकटवून आमची तडजोड झाली. प्रथम ती खाडीवर आणली तेव्हा काठावर जाळे विणीत बसलेल्या तात्यांनी विचारले, "भाऊसाहेब, ही होडी म्हणतास की चप्पल?"

वल्हे दुपाती असते. ते हाताने मारावयाचे, असा नवख्याचा समज असतो आणि तो पहिल्या तासाभरात खांद्यात ठणका धरतो. वस्तुतः पाते पावलाजवळ पाण्यात रोवून, पायाने आतील खुंटीस रेटा देत, कमरेपासून धड फिरवावयाचे असते. हात केवळ दोरीप्रमाणे मध्ये राहतात. हे साधले म्हणजे पात्याचा आवाज बंद होतो. जोवर पाणी खळबळते तोवर आपण पाणीच ढकलतो आहोत, होडी नव्हे, असे समजावे.

कर्लीची एक लहर मला फार आवडते. समुद्र हाकेच्या अंतरावर आला असता ती त्यास मिळत नाही. दक्षिणेस वळते आणि तारकर्ली-देवबागची माडांची चिंचोळी पट्टी मध्ये ठेवून बराच वेळ त्याच्या बाजूने चालते. त्या पट्ट्यात होडी उभी केली तर एका कानात लाटांचा घोष आणि दुसऱ्या कानात कांदळवनातील चिखलाची बारीक टकटक ऐकू येते. गोड्याचा व खाऱ्याचा अंमल येथेच एकमेकांना भिडतो, आणि त्यांची सरहद्द दिवसातून चार वेळा हलते.

तिची वेळ काढण्याचे कोष्टक तात्यांनी मला दिले. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते आणि कोष्टक तर पंचेचाळीसच धरते. परंतु ही थकबाकी पक्ष पालटताच बहुतांशी वसूल होते. खाडीत वर जावे तसतशी वेळ मागे पडते, तो फरक ज्याचा त्याने मुक्रर करावा. शिवाय पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: सुकतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मे पाणी निघून जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते तेव्हा हे फारसे जाणवत नाही. उधाणाला मात्र त्या दोन तासांत उलट वल्हविणे म्हणजे काठावरील एकच माड अर्धा तास पाहत बसणे होय.

माझे वर्ष नारळी पौर्णिमेनंतर सुरू होते. श्रावण-भाद्रपदात नेरूरपारपासून संगमाच्या जवळपासपर्यंत वहीत एकच शब्द येतो: गोडे. जांभ्याची तांबडी माती पाण्यात अजून असते, आणि झावळ्या, सोडणे, कधी एखादे अख्खे झाड शेजारून जाते. आश्विनात पाणी निवळते, आणि कार्तिकात खारे पाणी वर यावयास लागते. परंतु ते उघडपणे येत नाही. गोड्याहून जड असल्यामुळे ते तळाशी पाचरीसारखे घुसते आणि वर गोडे पाणी निर्धास्तपणे वाहत राहते. बोटाची साक्ष येथे खोटी ठरते. म्हणून मी एक बाटली शिशाचे वजन बांधून खाली सोडतो आणि दोन वाव खोल गेल्यावर दुसऱ्या दोरीने तिचे बूच ओढतो. वर गोडे, खाली खारट, अशी एकाच स्थळाची दुहेरी नोंद प्रथम केली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बढतीच्या हुकमानेही झाला नव्हता.

हेमंतातील पहाट या खाडीवर सर्वोत्कृष्ट. जमिनीकडून मतलई वारा सुटलेला असतो, धुके पाण्यापासून हातभर वर लटकते, आणि मनुष्य पाण्यालगत बसलेला असल्यामुळे त्याच्या खालून दूरवर दिसते: बगळ्यांचे नुसते पाय, खुंटावरील खंड्याचे प्रतिबिंब, पण खंड्या नाही. भरती चढू लागली की पात्रात आडवी फेसाची एक रेघ उमटते. तिच्या अलीकडे पाणी हिरवट, पलीकडे काळसर. पाने, पिसे, नारळाची करवंटी असे सर्व तिच्यावर येऊन अडकते आणि बोय मासे तिथेच उड्या मारतात. ती रेघ ओलांडताना होडीचे नाक किंचित एका बाजूस ओढले जाते. इतका अचूक जकातनाका मी नोकरीतही पाहिला नाही.

फाल्गुनापासून मामला बदलतो. पाऊस जाऊन पाच-सहा महिने झालेले, झरे आटलेले. वहीत "मचूळ" हा शब्द पुलाशी पोहोचतो आणि वैशाखात तेथे "खारट" येतो. तिवराचे पान उलटे करून पाहिले तर त्यावर मिठाचे कण चमकतात; ते झाड शोषलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. ओहोटीला खडकांवर कालवे उघडी पडतात, आणि त्यांच्या धारेने होडीच्या बुडाइतकेच तळहातही सोलून निघतात.

दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. चैत्री पौर्णिमेस मी संगमाकडे निघालो तेव्हा तात्या म्हणाले होते, "पुनवेक दुपारी संगमार जाव नकात. जावचा तर पाण्याक इचारून जावा, घड्याळाक नको." मी विचारले ते घड्याळासच. वाळूच्या बेटावर शिदोरी सोडून दोनपर्यंत बसलो. कोष्टक तर मला पाठ होते: भरती सव्वाअकराला, म्हणजे सव्वाएक ते सव्वातीन सुकतीचा जोर, आणि नेमका त्याच वेळी वारा समोरून. बाहेर जाणारे पाणी आत येणाऱ्या लाटेला अडवते तेव्हा लाट पुढे सरकत नाही, उभी राहते. तिसऱ्या उभ्या लाटेने मला आडवे केले. उलट्या होडीत मस्तक खाली असताना हिरवा उजेड दिसला, कमरेभोवतीचा रबरी पडदा ओढून बाहेर आलो, आणि होडीस धरून सुकतीबरोबर समुद्राकडे निघालो. समोरच्या काठावरील भोगवे गावाच्या बाजूस मासेमारीच्या एका होडीने मला उचलले. नाकातोंडात गेलेल्या पाण्याची चव त्या रात्री मी वहीत लिहिली. तेवढी नोंद मात्र बोटाने घेतलेली नव्हे. तात्यांनी पुढे त्या विषयाचा उल्लेख केला नाही, आणि हे त्यांचे न बोलणेच मला अधिक लागले.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते. मजवर असा कोणाचा हुकूम नाही, तरी त्या मुदतीत मीही होडी पालथी घालून पडवीच्या वाशांस टांगतो. इकडे वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांतच; तेव्हा नदी कोणास विचारीत नाही. मृग लागला, पहिला पूर आला, की वर्षभर इंचाइंचाने वर सरकलेली सरहद्द एका रात्रीत खाली लोटली जाते. तिचा पाठलाग पायीच करावा लागतो.

गेल्या आषाढात छत्री घेऊन मी देवबागच्या टोकापर्यंत गेलो. नदीचे तांबडे पाणी समुद्रात दूरवर शिरले होते आणि करडे पाणी त्याच्या कडेकडेने मागे सरत होते. समुद्राच्या बाजूस गुडघाभर पाण्यात उतरून लाट परतताना बोट बुडविले. घरी येऊन वही उघडली, आणि स्थळाच्या रकान्यात "समुद्र" लिहून चवीच्या रकान्यात "मचूळ" लिहिले.