कबुली दिली, अंमलाचे काय?

जून १९९७ मध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्या सरकारने एक अवघड कबुली दिली. आपल्याकडे रासायनिक शस्त्रांचा साठा आहे, असे भारताने हेग येथील नव्या रासायनिक शस्त्रबंदी संघटनेला कळविले. तोवरची अधिकृत भूमिका नेमकी उलट होती. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९९२ मध्ये, अशी शस्त्रे आम्ही कधीही तयार करणार नाही वा मिळविणार नाही, असा संयुक्त जाहीरनामा भारत आणि पाकिस्तान यांनी नवी दिल्लीत केला होता. पाकिस्तानने या विसंगतीवर बोट ठेवले, हे स्वाभाविकच होते. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही कराराला संमती दिली.

भारताला हे बोलते कोणी केले? हेगच्या संघटनेकडे सैन्य नाही, पोलीस तर नाहीतच. तरीही बहुतेक राष्ट्रे हा करार पाळतात, त्यामागे दोन कारणे दिसतात. अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच राष्ट्रांना एक न्याय आणि इतरांना दुसरा न्याय लावतो, म्हणून भारत त्याच्या बाहेर राहिला. रासायनिक करारात हा पंक्तिप्रपंच नाही. साठा वॉशिंग्टनचा असो वा दिल्लीचा, तो जाहीर करून नष्ट करावाच लागतो. दुसरे कारण व्यापाराचे. थायोडायग्लायकॉल हे रसायन शाई आणि रंगांच्या उद्योगात लागते आणि त्यापासूनच मस्टर्ड वायूही तयार होतो. या वर्गातील रसायनांचा सदस्य नसलेल्या देशांशी व्यापार करण्यास एप्रिल २००० पासून बंदी आहे. मोठा रसायन उद्योग असलेल्या देशाला कराराबाहेर राहणे परवडणारे नव्हते.

भारताने आपला साठा मार्च २००९ मध्ये संपविला. अल्बेनिया आणि दक्षिण कोरियानंतर हे करणारा तो तिसरा देश ठरला. रशियाला त्यासाठी २०१७ आणि अमेरिकेला जुलै २०२३ उजाडावे लागले. वास्तविक या दोघांची वाढीव मुदत एप्रिल २०१२ मध्येच संपली होती. दंड म्हणून त्यांच्या वाट्याला आले ते प्रगतीचे अहवाल सादर करण्याचे बंधन. पंक्तिप्रपंच कराराच्या मसुद्यात नसला, तरी अंमलबजावणीत तो डोकावतोच.

संसदेच्या दृष्टीने पाहता आपली कथाही निर्दोष नाही. भारताने करारावर १४ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे तो स्वाक्षरीसाठी खुला झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सही केली. १९९६ मध्ये संमतीपत्रही दिले. यातील कोणत्याही टप्प्यावर संसदेची मंजुरी घेणे सरकारवर बंधनकारक नव्हते. आपल्याकडे करार करणे हा कार्यकारी सत्तेचा अधिकार मानला जातो. त्याची अंमलबजावणी करणारा कायदा करायचा असेल, तेव्हा अनुच्छेद २५३ नुसार संसदेचे दार ठोठवावे लागते. तो कायदा २००० मध्ये झाला आणि प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै २००५ रोजी. संमतीपत्रापासून मोजल्यास जवळपास नऊ वर्षे. या काळात जगाला दिलेला शब्द होता, तपासणी पथकेही येत होती. परंतु तो शब्द मोडणाऱ्या खासगी कारखानदाराला थेट या कराराच्या आधारे शिक्षा करणारा लागू कायदा देशात नव्हता. हे प्रकरण दडपण्याचे नसून दिरंगाईचे होते, असेच प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. परंतु करारपालनाचे खरे काम हेगच्या सभागृहात नव्हे, तर मंत्रिमंडळ सचिवालयाखालील राष्ट्रीय प्राधिकरणाच्या टेबलावर आणि कारखान्यांच्या नोंदवह्यांत चालते, हे मान्य केल्यास ही नऊ वर्षे लहान ठरत नाहीत. करार करण्याच्या अधिकाराचे नियमन संसदेने कायद्याने करावे, अशी शिफारस राज्यघटनेच्या कार्याचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्ये केली होती. तसा कायदा अद्याप झालेला नाही.

करार उघडपणे मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न सीरियाने विचारला. २०१३ मध्ये सदस्य होऊन सुमारे १३०० टन साठा जाहीर केल्यानंतरही तेथे विषारी वायूचे हल्ले झाले. दोषी कोण, हे ठरविणारे संयुक्त पथक सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकारामुळे २०१७ मध्ये गुंडाळले गेले. कोणत्याही सदस्याला दुसऱ्याच्या हद्दीत संशयावरून तपासणी मागण्याची तरतूद करारात आहे, पण ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. आपल्या अंगणात तेच पथक उद्या येईल, ही धास्ती सर्वांनाच असते.

जून २०१८ मध्ये हेगच्या विशेष अधिवेशनात दोषनिश्चितीचा अधिकार संघटनेलाच देण्याचा ठराव ८२ विरुद्ध २४ मतांनी संमत झाला. त्या २४ मतांत रशिया, इराण यांच्याबरोबर भारताचेही मत होते. पुरेशी सल्लामसलत झाली नाही, हा दिल्लीचा आक्षेप. तो अगदीच निराधार नव्हता; तांत्रिक संघटनेला न्यायासनावर बसविण्यातील धोका खरा आहे. पण सुरक्षा परिषद नकाराधिकाराने जखडलेली असताना निवाडा कोणी करायचा, याचे उत्तर त्या विरोधी मतात नव्हते. याच अधिकाराने नेमलेल्या पथकाच्या निष्कर्षांनंतर एप्रिल २०२१ मध्ये सीरियाचे मतदानासह काही अधिकार निलंबित झाले.

असे मत देण्यापूर्वी संसदेला विचारण्याचे बंधन सरकारवर तेव्हा नव्हते, आजही नाही.