कांचनवाडीचा गॅस, वेताळ टेकडीची काकडी

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, रस्तोरस्ती ढीग साचले. मिटमिट्यात कचरा न्यायला गेल्यावर प्रकरण दगडफेक आणि लाठीमारापर्यंत गेले. नारेगावचा कचऱ्याचा डोंगर त्याआधीही अधूनमधून पेटायचा. काडी कोणी लावली यावर वाद व्हायचे; पण जळण आतच तयार होत होते. ओला कचरा हवेवाचून कुजला की त्यातले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. गाईच्या पोटात आणि पाणी तुंबलेल्या भातखाचरात हेच घडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापदायक.

त्या कचराकोंडीनंतर शहरात जी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, त्यांत कांचनवाडीचे केंद्र दिवसाला 30 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या क्षमतेचे. त्या गॅसवर वीज करायची, ही कल्पना. महाराष्ट्राला गोबरगॅस नवा नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी उष्टे-खरकटे, पिठूळ अन्न वापरून घरगुती संयंत्र केले आणि 2006 मध्ये त्याला अॅशडेन पुरस्कार मिळाला. पण ही सगळी धडपड गॅस जाळण्यासाठी. जाळला की उष्णता मिळते, विषय संपतो.

निसर्गात मात्र मिथेन खाऊन जगणारे जिवाणूही आहेत. भाताच्या मुळांशी, जिथे चिखल आणि हवा यांची गाठ पडते, तिथे ते बसलेले असतात आणि खालून येणारा बराच मिथेन वाटेतच फस्त करतात. मिथेनचे मिथेनॉल करायला कारखान्यात आठशे-नऊशे अंश तापमानाची भट्टी लागते. हे जिवाणू तांब्याचे अणू बाळगणाऱ्या एका विकराच्या जोरावर तेच काम साध्या हवामानात उरकतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर आणि त्यांचे सहकारी असे देशी जिवाणू शोधत आले आहेत. काम चिकाटीचे. खाचरातला चिखल पातळ करायचा, बंद बाटलीत हवा आणि मिथेन भरायचे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. हे जिवाणू हळू वाढतात, आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारे दुसरे जीव आधी माजतात. त्यातून हाती लागला ‘मिथायलोक्युक्युमिस ओरायझी’. सूक्ष्मदर्शकाखाली तो चक्क काकडीसारखा दिसतो. लांबी 3 ते 6 मायक्रोमीटर, म्हणजे जिवाणूंमध्ये दांडगाच, लहानशा यीस्टएवढा. पुढे तो पुण्यातल्याच वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यातही सापडला. या जिवाणूची जोड दिलेल्या इंद्रायणी भाताला लवकर फुलोरा आला आणि दाणाही अधिक भरला, असे या गटाने नोंदवले आहे.

मिथेनचा पैसा करण्याच्या वाटा इथून फुटतात. इंग्लंडमधल्या बाथच्या गरम झऱ्यांतून मिळालेला ‘मिथायलोकॉकस कॅप्सुलेटस’ वाळवला तर सुमारे सत्तर टक्के प्रथिन. माशांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते चालते. बंगळूरची ‘स्ट्रिंग बायो’ ही कंपनी याच दिशेने काम करते आहे. मिथेनखाऊ जिवाणूंच्या काही जातींना नायट्रोजनची चणचण भासवली की त्या अंगात कुजणाऱ्या प्लास्टिकचे कण साठवतात.

मग अडते कुठे? पाण्यात. साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात मिथेन विरघळतो जेमतेम 22 मिलिग्रॅम. जिवाणू भुकेले राहू नयेत म्हणून टाकी सतत घुसळावी लागते, आणि त्याला वीज लागते. शिवाय ऑक्सिजनही हवाच, आणि हवेत 5 ते 15 टक्के मिथेन म्हणजे स्फोटाला आमंत्रण. जिवाणू खाताना भरपूर उष्णता सोडतात. टाकी थंड ठेवायला पाणी लागते. पाण्यासाठी जायकवाडी धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या शहराला हे समजावून सांगायला नको. बाथचा जिवाणू 45 अंशांना खुशीत वाढतो, त्यामुळे तो थोडा परवडतो. आपली काकडी 37 अंशांच्या पुढे वाढतच नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तिचा निभाव लागणे कठीण.

त्यात 2018 पासूनच्या ‘सतत’ योजनेत तेल कंपन्या शुद्ध केलेला बायोगॅस विकत घेतात. गॅसलाच गिऱ्हाईक असेल तर तो जिवाणूंना कोण चारणार? माझ्या मते प्रथिनाचा प्रयोग करायचाच, तर तो शहराजवळच्या वाळूजच्या बिअर कारखान्यांच्या आसपास करावा. अशा कारखान्यांच्या सांडपाण्यातून निघणारा गॅस रोजचा, एकसारखा असतो. घंटागाडीतून येणाऱ्या कचऱ्यात कधी भाजीची देठे, कधी नारळाची करवंटी, कधी काचेचे तुकडे. त्यावर बसवलेल्या संयंत्राचा गॅस लहरीच राहणार.

जुन्या कचराभूमीचे गणित निराळे. तिथला गॅस विरळ, हवेत मिसळलेला. त्याची वीजही होत नाही आणि प्रथिनही. तिथे मुरलेल्या खताचा जाड, भुसभुशीत थर पसरला, तर त्यात मिथेनखाऊ जिवाणू आपोआप वस्ती करतात. डेन्मार्कमध्ये जुन्या कचराभूमींवर हे करून पाहिले आहे. थर ओलसर हवा, पण तुंबलेला नको. उन्हाने तडकला की गॅस भेगांतून थेट वर निघतो. मिश्र कचऱ्याचे, प्लास्टिकचे तुकडे असलेले खत शेतकरी शेतात घालत नाहीत. ते चाळून या थरासाठी वापरता येईल, आणि मे महिन्यात त्यावर प्रक्रिया केलेले सांडपाणी शिंपडावे लागेल.