जुनी नाव दुरुस्त करताना रंगाआधी गळती पाहा

उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरले की काठावर पालथी पडलेली जुनी नाव नजरेत भरते. तुमच्या संस्थेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे अशी ॲल्युमिनियमची नाव असेल तर ती भंगारात देण्याची घाई करू नका. हा धातू लोखंडासारखा गंजून जात नाही. मात्र हाती पैसा थोडा असेल तर तो आधी कुठे घालायचा, हे ठरवा.

गोसीखुर्दच्या फुगवट्याच्या काठावर कुही तालुक्यात एका संस्थेची नाव मी पाहिली. "रंग मारला म्हणजे झाली ना साहेब नवी!" असे सभासद म्हणाले होते. सगळा पैसा रंगात गेला. पुढे भर पाण्यात दोन रिपिटा सुटल्या आणि चौघे जण घमेल्याने पाणी उपसत कसेबसे काठाला लागले. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात आणि सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नावा उलटून किती घरे उजाड झाली, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा.

गळती शोधा : नाव सावलीत लाकडी ओंडक्यांवर नीट टेकवून ठेवा. आत चार-पाच बोटे पाणी भरा. काठोकाठ भरू नका, वजनाने बूड वाकेल. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे गेरूने खूण करा. या कामाला पैसा लागत नाही, अर्धा दिवस पुरतो.

रिपिटा आवळा : ढिली रिपीट काढण्याची गरज नसते. एकाने बाहेरून तिच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा टेकवावा, दुसऱ्याने आतून हातोडीने ठोकावे. झिजलेली रिपीट मात्र बदला आणि नवीही ॲल्युमिनियमचीच घ्या. चीर गेली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडा, म्हणजे ती पुढे वाढत नाही. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ठिगळ, खाली सीलंट लावून, रिपिटांनी बसवा. गावातल्या वेल्डरकडे नेऊ नका. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांवर, लाल न होताच वितळते. लोखंडाच्या साध्या वेल्डिंगने चिरेचे भगदाड होईल. त्याला आर्गॉन वेल्डिंग लागते.

तांबे आणि मोरचूद दूर ठेवा : काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना हे लवकर पटेल. बोर्डो मिश्रणात लोखंडी पाते बुडवले आणि मिश्रण बिघडलेले असेल तर पात्यावर तांबे चढते. तांबे चढते तेव्हा लोखंड झिजत असते. ॲल्युमिनियम तर त्याहून लवकर झिजते. म्हणून नावेतून मोरचूद, रासायनिक खत, चुना किंवा सिमेंट वाहू नका. तांब्याची तार, पितळी स्क्रू वापरू नका. लोखंडी बोल्ट लावावाच लागला तर मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. बाकाची फळी कुजली असेल तर तीही बदला. ओले लाकूड टेकते तिथेच पत्रा खातो.

तरंगण्याची सोय करा : पाणी भरल्यावर ॲल्युमिनियमची नाव तळाला जाते. बाकाखाली थर्मोकोल, पॉलिथिनमध्ये गुंडाळून, घट्ट बांधा. एक घनफूट थर्मोकोल पाण्यात सुमारे २७ किलो भार पेलतो. खाद्यतेलाचे १५ लिटरचे रिकामे प्लास्टिक कॅन झाकण घट्ट लावून बांधले तरी चालते. एक कॅन साधारण १४ किलो पेलतो. कीटकनाशकाचे डबे मात्र मुळीच नकोत. नंतर कमरेएवढ्या पाण्यात नाव मुद्दाम भरून पाहा. ती तरंगत राहिली, तरच पुढे जा.

रंग सर्वांत शेवटी : गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला रंगाची गरज नसते. हवेने त्यावर आपोआप बारीक थर चढतो, तोच त्याचे रक्षण करतो. रंग द्यायचाच तर आधी ॲल्युमिनियमचा प्रायमर लावा, नाहीतर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतील.

एका ठिकाणी मात्र रंग जरूर लावा. उथळ पाण्यात माणसे एकेक करून बसवा. काठ पाण्यापासून एक फूट वर उरला की थांबा आणि बाहेरून पाण्याच्या पातळीवर लाल रेघ ओढा. आत किती माणसे बसली होती, तो आकडाही काठावर लिहा. त्या आकड्यापलीकडे कोणालाही, अगदी सरपंचांनाही, नावेत घेऊ नका. वाचलेल्या रंगाच्या पैशातून लाइफ जॅकेट घ्या आणि नाव पाण्यात उतरवण्याआधी ती अंगात घाला.