‘प्राणिस्नेही’ पाटीमागचे निकष

संयुक्त अरब अमिरातीत पाळीव प्राण्यासह येणाऱ्या प्रवाशासाठी देशात प्रवेश करण्याचे नियम काटेकोर आहेत. हॉटेलच्या दारातून आत गेल्यावर मात्र बरेच काही त्या त्या व्यवस्थापनाच्या मर्जीवर सोपवलेले असते, आणि ‘प्राणिस्नेही’ या शब्दाचा अर्थ हॉटेलागणिक बदलतो.

भारतातून कुत्रा किंवा मांजर नेणाऱ्या कुटुंबाला तेथील हवामान बदल व पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना, प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप आणि रेबीजच्या लसीकरणाचा दाखला लागतो. शिवाय लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने, पुरेशी तयार झाल्याचा प्रयोगशाळेचा अहवालही जोडावा लागतो, आणि त्यासाठी मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही किमान पातळी मानली जाते. २०१६च्या संघीय कायदा क्रमांक २२ने कुत्र्यासाठी परवाना व लसीकरण आणि सार्वजनिक ठिकाणी गळ्यात पट्टा व साखळी बंधनकारक केली असून पिट बुलसारख्या जाती बाळगण्यास मनाई केली आहे.

प्राण्याच्या प्रवासाचे निकष ठरवणे या देशाला नवे नाही. शिकारी ससाण्यांच्या तस्करीला आळा घालण्यासाठी २००२पासून तेथे ससाण्याला पासपोर्ट दिला जातो. त्यावरचा क्रमांक पक्ष्याच्या पायातील कड्याशी जुळावा लागतो. एमिरेट्स विमानकंपनी दुबई आणि पाकिस्तानातील काही शहरांदरम्यान ससाण्याला प्रवासी कक्षातही नेऊ देते. पक्क्या ओळखीला नेमक्या नियमांची जोड मिळाली की प्राणी स्वीकारणे सोपे जाते, हे यातून दिसते.

निवासव्यवस्थेचे निकषही याच धर्तीवर लिहिता येतील. आरक्षणाच्या वेळीच प्राण्यांची संख्या, वजनमर्यादा, आकारले जाणारे शुल्क आणि परत मिळणारी अनामत यांचा स्वतंत्र उल्लेख हवा. प्राण्यांसाठीच्या खोल्या वेगळ्या राखाव्यात, त्यांत गालिच्याऐवजी धुता येणारी फरशी असावी आणि पाहुणा गेल्यावर केस व वास राहणार नाही अशी सफाई ठरलेल्या पद्धतीने व्हावी. प्राण्याला खोलीत एकटे किती वेळ ठेवता येईल आणि कोणती लिफ्ट वापरावी, हेही लेखी असावे. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपलीकडे जात असल्याने, आणि डांबरी रस्ता हवेहून कितीतरी अधिक तापून पंजे भाजू शकत असल्याने, सावलीतली फिरण्याची जागा ही चैन न मानता किमान गरज मानली पाहिजे.

दुसरी बाजू इतर पाहुण्यांची आहे. कुत्र्याच्या लाळेचा स्पर्श झाल्यास शुद्धी करावी लागते, असे इस्लामी धर्मशास्त्राच्या अनेक परंपरा मानतात. काहींना प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी असते. त्यामुळे कोणत्या मजल्यावर प्राणी असतील, हे सर्वांना आधी कळणे आवश्यक ठरते.

हॉटेलांचा कारभार दुबईत अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाकडे, तर अबुधाबीत संस्कृती व पर्यटन विभागाकडे आहे. अमिरातनिहाय यंत्रणा वेगळ्या असल्या, तरी सर्वांनी किमान निकषांची एक सामाईक यादी मान्य केली, तर प्रवाशाला खोलीचे पैसे भरण्यापूर्वीच आपल्याला काय मिळणार आणि आपल्यावर कोणती जबाबदारी येणार, हे नेमके कळेल.