शिरेऐवजी धमनी

शाळेच्या पुस्तकात आपण रोहिणी आणि नीला शिकलो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र ही दोन्ही नावे शिरांच्याच प्रकारांची आहेत. नावांचा असा घोळ कागदावर चालतो. सुईच्या टोकाशी चालत नाही.

अठराव्या शतकात युरोपात रक्त काढणे हा जवळजवळ प्रत्येक रोगावरचा उपाय होता. जागाही बहुधा ठरलेली, कोपराची घडी. तिथे शीर वर, बाहूची धमनी खाली, मध्ये एक पातळ पडदा. या पडद्याला फ्रेंचांनी ‘देवाची कृपा’ असे नाव दिले होते! पाते जरा खोल गेले की कृपा संपली. धमनीतले रक्त थेट शिरेत शिरे आणि कोपरापाशी ठोके देणारी, घरघरणारी गाठ उठे. लंडनच्या विल्यम हंटरने १७५७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

जखमी धमनीवर तेव्हा मुख्य इलाज एकच, ती बांधून टाकणे. हात वाचणार की नाही, हे आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर सोडायचे. १७५९ साली इंग्लंडात लँबर्टने सुचवले, की छेद लहान असेल तर तेवढाच मिटवावा. हॅलोवेलने छेदाच्या दोन्ही कडांतून छोटी पोलादी टाचणी घातली, तिच्याभोवती दोरा गुंडाळला. धमनी वाहती राहिली. पुढे आस्मानचे प्राण्यांवरचे प्रयोग फसले आणि ही कल्पना शतकभर अडगळीत पडली. एका अपयशाला इतके वजन द्यायला नको होते, असे मला वाटते. धमनी शिवण्याची भरवशाची रीत अॅलेक्सी कॅरेलने १९०२ साली मांडली. १९१२ साली त्याला नोबेल मिळाले.

आज हाच धोका मानेच्या शिरेत नळी घालताना असतो, कारण कॅरॉटिड धमनी तिला खेटूनच असते. लालभडक, उसळते रक्त ही खूण खरी. पण रक्तदाब पडलेल्या रुग्णात ती फसवते, म्हणून शंका आल्यास नळीतला दाब मोजतात. बारीक सुई गेली असेल, तर ती काढून दाबून धरणे बहुधा पुरते. जाड नळी गेली असेल, तर मात्र ती उपसायची नाही. भोकाला बूच तिचेच असते. ती उपसून वरून दाबत बसले, तर मानेत रक्त साचून श्वासनलिका दबू शकते, पक्षाघातही होऊ शकतो. नळी जागीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला बोलावतात. तो मान उघडून धमनी शिवतो, किंवा आतून आच्छादित स्टेंट बसवून भोक बंद करतो.